कपबशा गोधडीत आणि सिलेंडर फाळक्याला?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मे-जून आला की आपल्याकडं बदल्यांचा सीझन, कुणी नांदेडहून लातूरला चाललं, कुणी बीडहून परभणीला, गल्लीत एक दिवसाआड टेम्पो उभाच असतो. आणि सामान बांधताना सगळीकडं तेच बघायलोय, लग्नातला काचेचा सेट दोन-दोन गोधड्यांत आणि भरलेला गॅस सिलेंडर, इन्व्हर्टरची बॅटरी मात्र शेवटी जिथं जागा उरंल तिथं आडवी कोंबायची. कप फुटला तर दुसरा येतो हो. पण चाळिशी पार केलेल्या उन्हात ताडपत्रीखाली सिलेंडर लोळायलाय, शेजारी कापसाच्या गाद्या आणि फाळक्याशी बसलेला हमाल बिडी ओढायलाय, याला काय म्हणावं?

दुसऱ्या गावाला सिलेंडर न्यायचाच नसतो. एजन्सीत सिलेंडर आणि रेग्युलेटर जमा करायचं, ते डिपॉझिट परत देतेत आणि टर्मिनेशन व्हाउचर हातात ठेवतेत, तोच कागद नव्या गावच्या एजन्सीत दाखवून कनेक्शन घ्यायचं. शेगडी तेवढी सोबत न्या. हे कित्येकांना माहीतच नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते म्हणतेत नवीन गावात लवकर मिळंल का, म्हणून गुपचूप पोत्यात गुंडाळून चढवतेत.

बॅटरीत ॲसिड असतं, ती कलली की खालची गादी, कपडे, पाय सगळं भाजतं. ती उभीच ठेवा, वायरा काढून दोन्ही टर्मिनलला टेप लावा आणि भांड्यांपासून लांब ठेवा, लोखंड दोन्हीकडं टेकलं की ठिणगी उडती. फ्रिज आदल्या दिवशीच बंद करून पुसून घ्या आणि उभाच न्या, आडवा न्यावाच लागला तर पोचल्यावर काही तास उभा ठेवल्याशिवाय चालू करू नका, नाहीतर कॉम्प्रेसरचं ऑइल पाइपात गेलेलं असतं आणि मेकॅनिकचं फावतं. पुस्तकं छोट्या खोक्यात भरा, मोठ्यात भरली की बूड फाटतं. ताटल्या एकावर एक न रचता उभ्या लावा, मधल्या फटीत तुमचाच पेपर चालतो, फक्त पांढऱ्या कपड्यांना लावू नका, शाई उतरती.

आता ट्रान्सपोर्टवाल्यांचं. जुन्या वापरातल्या घरसामानाला जीएसटीचं ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा ऑनलाइन कागद, लागत नाही, त्या नावाखाली कुणी जास्तीचे पैसे मागितले तर देऊ नका. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, मात्र सामानाची यादी आणि किंमत लिहून घ्या, २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यात जादा जोखमीचा दर द्यायचं आधी ठरवलं नसंल तर ट्रान्सपोर्टवाल्याची जबाबदारी मर्यादित राहती. भांडण झालंच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

गॅस एजन्सीवाल्यांनी निदान मे महिन्यात तरी व्हाउचरची माहिती मोठ्या अक्षरात दारावर लावावी, एवढं आपण छापावं ही विनंती.

आपला,
एक वाचक, परभणी