आजीनं तिला ओळखलं? कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला 'अॅनास्टेशिया' (१९५६) या सिनेमावरचा लेख वाचला. (१९१८ मध्ये रशियाच्या शेवटच्या झारला सहकुटुंब गोळ्या घातल्या, त्यातून त्याची मुलगी अॅनास्टेशिया वाचली असं मानणारी ही गोष्ट.) इन्ग्रिड बर्गमनचं कौतुक केलंय त्याबद्दल काही म्हणणं नाही, बाईंना त्या रोलचं ऑस्कर मिळालंय, आपण काय बोलणार. (तिला 'कोवळी राजकन्या' मात्र म्हणू नका हो. गोष्ट १९२८ सालची, खरी अॅनास्टेशिया तेव्हा फार तर सत्तावीसची असती, बर्गमनबाई चाळिशीच्या.) पण राजमाता, म्हणजे झारची आई, नातीला जवळ घेते तो सीन म्हणे 'इतिहासातला हृदयस्पर्शी क्षण'! अहो कुठल्या इतिहासातला?

१९२० साली बर्लिनच्या कालव्यातून जिला बाहेर काढलं आणि जी पुढे स्वतःला अॅनास्टेशिया म्हणवत राहिली त्या अॅना अँडरसनला राजमाता मारिया फ्योदोरोव्हना जन्मात एकदाही भेटली नाही. भेटायलाच तयार नव्हती. राजमातेची मुलगी ओल्गा १९२५ मध्ये बर्लिनला जाऊन त्या बाईला बघून आली आणि ही आपली भाची नव्हे असंच पुढे सांगत राहिली. आणि म्हातारी १९२८ मध्ये डेन्मार्कमध्ये वारली तोवर तिनं मुलगा आणि नातवंडं गेली हेच कधी चारचौघांत मान्य केलं नाही. अशा बाईला सिनेमावाल्यांनी त्या पोरीच्या एका खोकल्यावर विरघळवलं!

मला एवढा राग का येतो तर आमच्याकडे एका फिल्म क्लबात हा सिनेमा दाखवला होता, 'सत्यघटना आहे बरं का' अशी प्रस्तावना करून. राजमाता झालेल्या हेलन हेजनं तो सीन केलाय मात्र अफलातून, आधी तो तुटकपणा, समोरच्या पोरीला खोटारडी ठरवून झिडकारणं आणि मग एकदम बांध फुटणं, हॉलभर नाकं ओढल्याचे आवाज. वाईट केला असता तर कुणी खरा मानला नसता, तेच तर दुखणं आहे. नंतर चर्चेत मी उभा राहून एवढंच म्हटलं की ही भेट झालीच नव्हती, तर संयोजक म्हणाले 'काका, भावना समजून घ्या' आणि माझ्या हातातला माईक काढून घेऊन पुढच्या बाईंना दिला. त्या कपडेपटावर बोलल्या. बराच वेळ बोलल्या. शेजारचे गृहस्थ माझ्याकडे असे बघत होते की जणू एकातेरिनबुर्गच्या तळघरात झारच्या कुटुंबावर गोळ्या मीच झाडल्या.

१९५६ साली अॅना अँडरसनची कोर्टात केस चालू होती, तेव्हाच्या लोकांना मोकळीक देऊ. पण तुमचे लेखक आज लिहितायत ना? 'गूढ आजही कायम' म्हणजे काय? १९९४ मध्ये डीएनए तपासला, अॅना अँडरसन ही फ्रान्झिस्का शान्झकोव्स्का नावाची पोलिश कारखाना-कामगार निघाली. झारच्या राहिलेल्या दोन मुलांचे अवशेषही २००७ मध्ये सापडले. एवढं तर मोबाईलवर सुद्धा मिळतं, लेखकांना नसेल वेळ तर उपसंपादकांनी बघावं.

आणि हो, लेखासोबतचा युल ब्रिनरचा फोटो. 'रशियन जनरलच्या भूमिकेत' असं खाली छापलंय आणि अंगावर पोशाख सयामच्या राजाचा! त्याच वर्षीचा 'द किंग अँड आय' तो, त्याचं ऑस्कर त्याला वेगळं मिळालं. दोन्हीकडे टक्कल आहे हे मान्य, पण म्हणून काहीही?

मागच्या वेळी माझ्या पत्राचा मधला भाग कापला होता. या वेळी कापायचं असेल तर छापूच नका.

आपला,
एक जुना वर्गणीदार, डोंबिवली (पूर्व)