तुझ्या अकरा नावांपैकी एक

पाचपाखाडी, ठाणे (प.)
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

जेम्स बाँडच्या पुढच्या सिनेमासाठी तू सुचवलेली अकरा नावं मिळाली. शनिवारी तलावपाळीवर प्रत्येकानं एकच चिठ्ठी टाकायची आहे, म्हणजे तुझी दहा नावं आजच उडवायला हवीत. लाल पेन घेऊन बसलोय. रागावू नकोस.

आधी सोपी कत्तल. 'डेथ इज फॉरेव्हर', 'विन, लूज ऑर डाय' आणि 'नेव्हर ड्रीम ऑफ डाइंग' ही तिन्ही नावं उष्टी आहेत. सिनेमांनी नाही, कादंबऱ्यांनी उष्टावलेली. बाँडचा जनक इयन फ्लेमिंग १९६४ मध्ये गेला, पण बाँडच्या अधिकृत कादंबऱ्या येतच राहिल्या. तुझी पहिली दोन नावं जॉन गार्डनरनं १९९२ आणि १९८९ मध्ये वापरली, तिसरं रेमंड बेन्सननं २००१ मध्ये. त्यामुळे नुसती सिनेमांची यादी ताडून भागत नाही. १९६८ च्या 'कर्नल सन'पासूनच्या सगळ्या कादंबऱ्या बघायच्या आणि व्हिडिओ गेमही बघायचे. 'एव्हरीथिंग ऑर नथिंग' हे नाव दर दोन माणसांमागे एकाला सुचतं, आणि ते २००४ च्या गेमचं आहे.

आता 'डाय बिफोर डॉन' आणि 'किल द सायलेन्स'. अकरातल्या पाच नावांत तू मरण घातलंस. बाँडपट काढणाऱ्या इऑन कंपनीच्या पंचवीस सिनेमांत 'डाय' चार वेळा येतं आणि 'किल' दोनदा, म्हणजे प्रमाण तुझ्यापेक्षा बरंच कमी. शिवाय तिथं मरण आलं की बहुतेकदा ते ओळखीच्या वाक्याला पीळ देऊन येतं. 'लिव्ह अँड लेट डाय'मध्ये 'जगा आणि जगू द्या'तला शेवटचा शब्दच उलटा केलाय. 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मध्ये एकदाच्या जागी दोनदा. आपल्याकडे 'मरावे परी गुप्तरूपे उरावे' म्हटलं तर कानाला 'कीर्तिरूपे' अपेक्षित असतं, तिथे ठेच लागते आणि माणूस हसतो. ती ठेच म्हणजेच शीर्षक. 'किल द सायलेन्स'मागे कुठलंच मूळ वाक्य नाही, मग ठेच लागणार कशाला?

'शॅडो प्रोटोकॉल'ला माझी कसोटी साधी आहे. पोस्टरवरचा बाँड झाकायचा आणि तिथे दुसरा कुठलाही हेर बसवायचा. नाव तरीही चपखल बसलं तर ते बाँडचं नाही. 'प्रोटोकॉल' तर २०११ मध्ये 'मिशन इम्पॉसिबल'वाल्यांनी वापरूनही टाकलाय. 'द लास्ट डबल-ओ' बद्दल काय बोलू? अरे, २०२१ मध्ये बाँड मेला. आता नव्यानं मांडामांड चाललीय: ॲमेझॉनच्या हाती सूत्रं, दिग्दर्शक डेनी व्हिलनव्ह, लेखक स्टीव्हन नाइट. सुरुवातीच्या सिनेमाला 'शेवटचा' म्हणायचं म्हणजे बारशाला तेराव्याची पत्रिका.

तुझी खरी अभ्यासू नावं तीन: 'रिसिको', 'द प्रॉपर्टी ऑफ अ लेडी' आणि 'शॅटरहँड'. फ्लेमिंगच्या ज्या कथांची नावं सिनेमाला लागलेली नाहीत त्या चारच: तू घेतलेल्या दोन, शिवाय 'द हिल्डेब्रँड रॅरिटी' आणि '००७ इन न्यूयॉर्क'. नावं उरली असली तरी मालमसाला केव्हाच उचलला गेलाय. 'रिसिको'चं कथानक १९८१ च्या 'फॉर युवर आईज ओन्ली'त मुरलंय, 'प्रॉपर्टी'तला फाबर्जे या रशियन जवाहिऱ्याच्या कलाकृतीचा लिलाव १९८३ च्या 'ऑक्टोपसी'त आहे, आणि 'हिल्डेब्रँड'मधला खलनायक मिल्टन क्रेस्ट १९८९ च्या 'लायसन्स टू किल'मध्ये पडद्यावर येऊन मेलासुद्धा. 'रिसिको' तर मुळात 'रिस्क'चा एका इटालियन पात्राच्या तोंडचा उच्चार. पुस्तकात गोड वाटतो, पोस्टरवर बिस्किटाचा ब्रँड वाटेल. 'शॅटरहँड' हे बाँडचा कट्टर शत्रू ब्लोफेल्ड याचं टोपणनाव, आणि पंचविसाव्या सिनेमाच्या वेळी त्याची इतकी चर्चा झाली की त्यातला दम निघून गेला. तुला फ्लेमिंगच हवा असेल तर त्याच्या प्रकरणांची शीर्षकं चाळ. 'कॅसिनो रोयाल'मधलं 'द नेचर ऑफ ईव्हिल' मला आजही या तिघांपेक्षा सरस वाटतं.

नाव गाण्यात बसतं का, हे तू तपासलेलंच दिसत नाही. बाँडचं नाव आधी गायिकेच्या गळ्यातून जातं. 'गोल्डफिंगर'मधला 'गो' लांबवता येतो, 'स्कायफॉल'मधला 'फॉ' हवा तेवढा ताणता येतो. 'ऑक्टोपसी' मात्र कुणाला गाता येईना, म्हणून टिम राइसनं गाणं 'ऑल टाइम हाय' असं लिहिलं. 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'च्या वेळी संगीतकार जॉन बॅरीनं शीर्षकाला शब्दच दिले नाहीत, नुसती धून वाजवली. 'क्वांटम ऑफ सोलेस'चं गाणंही वेगळ्याच नावानं आलं. तेव्हा तुझं नाव मोठ्यानं म्हण, शेवटचा स्वर चार मात्रा धर, आणि त्याला किमान चार यमकं सापडतात का बघ. 'प्रोटोकॉल' ताणून बघ. शाळेतली हजेरी वाटते.

नाव कळायलाही हवं. १९८९ च्या सिनेमाचं नाव आधी 'लायसन्स रिव्होक्ड' होतं. अमेरिकेत लोकांना त्यातून गाडीचं लायसन्स आठवायला लागलं, म्हणून ते 'लायसन्स टू किल' झालं. आपल्याकडे तरी काय, लायसन्स रद्द म्हटलं की आरटीओच. आणि हस्ताक्षर नीट काढ. 'टुमॉरो नेव्हर लाईज'चं 'डाईज' झालं ते फॅक्समधल्या चुकीनं, असं सांगतात. तिथं चूक फळली. तुझ्या अक्षरात फळणार नाही.

उरलं अकरावं, जे तू कोपऱ्यात, कंसात लिहिलंस: 'नथिंग टू डिक्लेअर'. हेच टाक.

विमानतळावर सीमाशुल्काच्या हिरव्या वाटेवर हीच पाटी असते. 'फॉर युवर आईज ओन्ली' जसा गोपनीय कागदावरचा शेरा, 'लायसन्स टू किल' जशी सरकारी परवानगी, तसंच हे. सरकारी भाषेतलं निर्जीव वाक्य हेराच्या तोंडी गेलं की त्याला दुसरा अर्थ फुटतो. सामानात काही नाही, कबूल करण्यासारखं काही नाही, आणि पुढ्यातल्या बाईला सांगण्यासारखंही काही नाही (हे तिसरं अर्थातच खोटं). मरणाचा उल्लेख नाही. 'क्लेअर' हवा तेवढा ताणता येतो आणि यमकंही भरपूर: केअर, स्टेअर, देअर, नाइटमेअर. गीतकार खूश.

अडचण एकच. सीमाशुल्क अधिकाऱ्यांवरचा एक फ्रेंच विनोदी सिनेमा इंग्रजीत याच नावानं आलेला आहे. आपला मन्या हा आक्षेप घेणारच, त्यामुळे उत्तर तयार ठेव. 'नो टाइम टू डाय' हे नावही आधी १९५८ च्या एका युद्धपटाचं होतं, आणि त्याच्या निर्मात्यांत खुद्द बाँडपटांचा निर्माता ब्रोकोलीच होता. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये 'देसी बॉईज'च्या खटल्यात सांगितलंय की नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो. अमेरिकेत स्टुडिओ आपसात नावांची नोंदणी करतात, तिथं तडजोड होऊ शकते. विनोदी फ्रेंच सिनेमा म्हणजे काही स्पर्धक हेरमालिका नव्हे.

चिठ्ठीवर देवनागरीत, एका ओळीत लिही. 'द' लावू नकोस, पुढे उपशीर्षक तर मुळीच नको. बाँडच्या सिनेमाला अपूर्णविराम (:) लावून शेपूट जोडलेलं आजवर चाललेलं नाही. वाचून दाखवताना 'नथिंग'नंतर थांबू नकोस, नाहीतर मन्या तिथेच टाळ्या वाजवेल.

नेरुळहून साडेपाचची ठाणे लोकल धर, म्हणजे सातच्या आत तलावपाळीवर पोचशील. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मंदार

ता. क. 'द नेचर ऑफ ईव्हिल' मी टाकतोय. त्यावर डोळा ठेवू नकोस.