चुकलेल्या उत्तराचा रकाना

मुलुंड, मुंबई

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

नोकरी सोडून बी.एड. करावे का, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. उत्तराला उशीर झाला, कारण मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका अध्यापक महाविद्यालयाने मला निवृत्त गणित शिक्षक म्हणून छात्राध्यापकांशी, म्हणजे तिथे बी.एड. करणाऱ्यांशी, बोलायला बोलावले होते, आणि तिथले ऐकून मगच तुला लिहावे असे मी ठरवले होते.

भाषण करणार नाही, प्रश्न विचारा, एवढेच मी सुरुवातीला सांगितले. पहिले प्रश्न अपेक्षेप्रमाणे वर्गनियंत्रणाचे होते. त्यांवर फार वेळ घालवण्यासारखे काही नव्हते. शिस्त ही पहिल्या वर्षी सगळ्यांनाच डोंगराएवढी वाटते आणि पुढे तिचा विषयही निघत नाही. खरे बोलणे सुरू झाले ते एका छात्राध्यापिकेने आपले पाठ टाचण समोर ठेवले तेव्हा. त्यात शिक्षक कृती आणि विद्यार्थी कृती असे दोन रकाने शेजारी शेजारी होते, आणि दुसऱ्या रकान्यात विद्यार्थ्यांनी द्यावयाचे उत्तर तिने आदल्या रात्रीच, अर्थातच बिनचूक, लिहून ठेवलेले होते. सराव पाठाच्या वेळी मात्र सहावीतल्या एका मुलाने एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश असे सांगितले. निरीक्षक मागच्या बाकावर बसलेले, घड्याळ पुढे चाललेले, म्हणून तिने ‘चूक’ म्हणून दुसऱ्या मुलाला उभे केले. त्या मुलाचे काय करायला हवे होते, असा तिचा प्रश्न होता.

मी तो प्रश्न सगळ्यांपुढे ठेवला. लसावि काढून छेद समान करायची रीत पुन्हा सांगावी, असे बहुतेकांचे म्हणणे पडले. मग तिथल्याच एका प्राध्यापिकेने फळ्यावर लिहिले: एका चाचणीत दोनपैकी एक उत्तर बरोबर, दुसऱ्या चाचणीत तीनपैकी एक, एकूण किती? पाचपैकी दोन. म्हणजे त्या मुलाने केलेली बेरीज जगात खरोखर होते, फक्त ती अपूर्णांकांची बेरीज नव्हे, कारण तिथे दोन्ही वेळा ‘पूर्ण’ वेगवेगळे आहे. त्याला एकाच भाकरीचा अर्धा आणि तिसरा हिस्सा काढायला लावला असता, तर अर्ध्यात आणखी भर घालूनही उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसे आले, हे त्याचे त्यालाच खटकले असते. वर्गात मिनिटभर कोणी बोलले नाही. इतकी वर्षे गणित शिकवलेल्या मलाही ही मांडणी नवी होती, आणि हेवा वाटला म्हटले तरी चालेल.

नंतर चहाच्या वेळी प्राध्यापक मंडळी मोकळेपणाने बोलली. सूक्ष्म अध्यापनाचे, म्हणजे वर्गमित्रांसमोर छोटा पाठ घेऊन एकेका कौशल्याचा सराव करण्याचे, चक्र ३६ मिनिटांचे असते: सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणे), बारा मिनिटे पुनर्नियोजन, मग पुन्हा सहा आणि सहा. पण समोर बसलेले ‘विद्यार्थी’ हे वर्गमित्रच असल्यामुळे कोणी मनापासून चुकतच नाही, अशी त्यांची तक्रार होती. २०१५ पासून अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि शाळेतली आंतरवासिता वीस आठवड्यांची झाली, हे त्यांना योग्यच वाटते. मात्र काही शाळा या छात्राध्यापकांना रिकाम्या तासांवर आणि वह्या तपासण्यावर खपवतात, तेव्हा वाढवलेल्या वेळाचा उपयोग उरत नाही.

नोकरीबद्दल गोड बोलणार नाही. सहावी ते आठवीला शिकवायचे तर टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, त्याशिवाय शिक्षक अभियोग्यतेची टेट परीक्षा, मग शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरची प्रतीक्षा, आणि अनुदानित शाळेत निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून, म्हणजे पूर्ण पगाराऐवजी ठरावीक मानधनावर. माध्यमिकचे मानधन २०२३ मध्ये वाढून दरमहा १८,००० रुपये झाले. मुंबईत एवढ्यात स्वतंत्र घर करता येत नाही, तेव्हा ती वर्षे तुला आमच्याकडेच राहावे लागेल. आईला ती अडचण वाटत नाही, तुला वाटेल का ते तू पाहा.

तुझे गणित पक्के आहे, याची मला काळजी नाही. चुकीचे उत्तर ऐकल्यावर तुला ते पुसून टाकावेसे वाटते, की हे याला कुठून सुचले असेल याचे कुतूहल वाटते, एवढेच मला पाहायचे आहे, आणि घरी बसून ते तुलाही कळणार नाही. त्या प्राध्यापिकाबाईंनी तुला एक दिवस सराव पाठांच्या वेळी मागे बसू देण्याचे कबूल केले आहे. पाठ सकाळच्या सत्रात असतात. पुण्याहून आदल्या रात्रीच ये, आणि कोणती तारीख जमते ते या आठवड्यात कळव, म्हणजे मी त्यांना तसे सांगतो.

तुझे,
बाबा