ड्रम सोडून गेलेल्या मित्राला, जाहीरपणे

प्रिय मित्रा,

आमच्या नव्या अल्बमवर तुझं नाव 'निर्मिती साहाय्य' एवढ्यापुरतंच छापलंय. तूच तसा हट्ट धरलास. म्हणून उरलेलं इथे, चारचौघांसमोर लिहितोय.

कानातला आवाज रात्रीही थांबत नाही, असं सांगून तू बँड सोडलास. मागोमाग बेसवाला गेला, मग जुन्या लेबलनं, म्हणजे रेकॉर्ड कंपनीनं, करार पुढे चालवायला नकार दिला. अशा वेळी तू स्वतःहून फोन करून विचारलंस, "ड्रमवर आता कोण बसणार?"

नवी ड्रमर आली. तुझे सगळे फिल (दोन ओळींमधले भरीचे ठोके) तिनं जसेच्या तसे बसवले होते. तू शांतपणे ऐकलंस आणि म्हणालास, "हे माझ्या हाताचे आहेत, तू तुझे वाजव." सगळ्यात जास्त आभार या वाक्याचे. 1978 मध्ये 'रामोन्स' या अमेरिकन पंक बँडचा टॉमी रामोन ड्रमवरून उठला, त्याच्या जागी मार्की आला आणि तरी 'रोड टू रुइन' या त्यांच्या अल्बमच्या निर्मितीत टॉमी होताच, हेही तू तिलाच सांगितलंस. जागा सोडणारा माणूस भांडूनच जातो असं नाही, हे तिला पटायला हवं होतं.

रेकॉर्डिंगला क्लिक (वेग धरायला कानात वाजणारा यांत्रिक ठोका) तू सुरुवातीच्या चार ठोक्यांपुरताच ठेवलास. कोरस आला की आमचा वेग थोडा चढतोच. तो बांधून ठेवला की गाणं अचूक होतं आणि मरतं. (दुसऱ्या गाण्यात आपण जरा जास्तच पळालोय, हे माझं मत कायम आहे.) तिघांना एकाच खोलीत वाजवायला लावलंस, फक्त गायन नंतर घेतलंस. गिटार ड्रमच्या माइकमध्ये शिरत होती, त्यामुळे एखादा ठोका मागाहून बदलायची सोयच उरली नाही. वाजवायचं तर अख्खं गाणं.

आणि ते करार! जुन्या रेकॉर्डिंगचे मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणं, जुन्या लेबलकडे, शब्द आणि चाली आपल्या, एवढं आम्हाला ठाऊक होतं. पण तीच गाणी ठरावीक वर्षं पुन्हा रेकॉर्ड करायची नाहीत, हे कलम तू पेन्सिल घेऊन शोधलंस आणि दोन गाणी यादीतून काढायला लावलीस. त्यातलं एक तुझंच होतं. नव्या करारात मास्टर काही वर्षांनी आमच्याकडे परत येतील, ही ओळ तुझ्यामुळे आली. त्यापायी आगाऊ रक्कम घटली. घटू दे, तीही शेवटी आमच्याच रॉयल्टीतून वळती होणार.

पहिल्या कार्यक्रमाला ये. मंचाजवळ नको, तिथे आवाज फार. मागे मिक्सिंग डेस्कपाशी खुर्ची ठेवतोय. कानातले प्लग विसरू नकोस.

तुझा,
गिटारवाला