माझंच रक्त मला परत

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर आई रडली आणि मला नीट सांगताच आलं नाही, म्हणून लिहितेय. "सांडलेलं रक्त कुणी परत अंगात घालतं का गं?" हा तुझा प्रश्न, आई, मीसुद्धा इथल्या डॉक्टरबाईंना विचारला होता.

माझी वार खाली, पिशवीच्या तोंडावर आहे. त्यामुळे सिझर ठरलंय आणि रक्त जास्त जाईल असं धरूनच सगळी तयारी चाललीय. जाणारं रक्त नळीने ओढून घेतात, गोठू नये म्हणून त्यात औषध मिसळतात, मग यंत्रात गरगर फिरवून सलाईनने धुतात. उरतात त्या लाल पेशी. त्या बारीक गाळणीतून मला परत देतील. गाळणी लावली की क्वचित रक्तदाब एकदम उतरतो, तेव्हा देणं लगेच थांबवतात.

बाबा, तुम्हाला आकडे लागतात. ब्रिटनमधल्या २६ प्रसूती विभागांत, सिझरच्या वेळी काहींना हे यंत्र लावून आणि काहींना न लावता, तीन हजारांवर बायकांचा अभ्यास झाला; तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. गर्भजल रक्तात शिरून जीव जाईल ही जुनी भीती. तसं एकीचंही झालं नाही. मात्र दुसऱ्याचं रक्त द्यावं लागण्याचं प्रमाण ३.५ टक्क्यांवरून २.५ वर आलं एवढंच, आणि तेवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. म्हणून प्रत्येक सिझरला हे यंत्र लावावं असं मलाही वाटत नाही. पण माझी वार अशी, त्यात गट आईचाच, ओ निगेटिव्ह. माझ्या जन्माच्या रात्री बाबा एका बाटलीसाठी स्कूटरवरून ब्लड बँका पालथ्या घालत होते, हे ऐकतच मी वाढले. मला ते यंत्र शेजारी हवंय.

खरी काळजी निराळीच आहे. आईच्या पेशी कुठल्या आणि बाळाच्या कुठल्या, हे यंत्राला कळत नाही. बाळाचा गट पॉझिटिव्ह आहे, हे माझ्या रक्ताच्या तपासणीत आधीच कळलंय. त्याच्या पेशी माझ्यात गेल्या तर माझं शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करू शकतं आणि ती पुढच्या पॉझिटिव्ह बाळाला बाधू शकतात. त्याच अभ्यासात, बाळाचं दोन मिली किंवा जास्त रक्त मिसळलेल्या निगेटिव्ह आयांचं प्रमाण यंत्र वापरल्यावर साधारण १० टक्क्यांवरून २५ वर गेलं होतं. म्हणून रक्त परत दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने माझी तपासणी होईल आणि ती प्रतिद्रव्यं तयार होऊ न देणारं, अँटी-डीचं किमान १५०० युनिटचं इंजेक्शन मिळेल. बाळाचं रक्त जास्त मिसळलेलं निघालं तर आणखी. हे सगळं मी केसपेपरवर लिहून घेतलंय, ह्यांनाही पाठ करायला लावलंय.

आणि वहिनीचा गटही निगेटिव्ह आहे ना? तिकडे हे यंत्र नसलं तरी चालेल, पण बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत तिला ते इंजेक्शन मिळालंच पाहिजे. आई, तू स्वतः तिच्याबरोबर जा आणि डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेव.

तुमची,
मनू