तळमजल्यावरच्या मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार.

ऑपरेशन करणारे सर, वॉर्डातल्या सिस्टर, मामा, मावशी, सगळ्यांचे आभार आम्ही डिस्चार्जच्या दिवशी मानले. तुमचे राहून गेले, कारण मायक्रोबायोलॉजीच्या लॅबकडे पेशंटचे नातेवाईक फिरकतच नाहीत. अण्णांच्या म्युकरमायकोसिसचं, म्हणजे काळ्या बुरशीचं, निदान मात्र तुमच्या टेबलावर झालं. म्हणून हे पत्र, सगळ्यांना वाचता येईल असं उघडं.

मे २०२१. अण्णा कोरोनातून उठले खरे, पण मधुमेह जुना, त्यात स्टेरॉइड, साखर चारशेच्या घरात. आधी गाल बधिर झाला, मग वरचे दात हलायला लागले. एका दवाखान्यात दात काढून घ्या म्हणाले. दुसरीकडे रक्तातली बुरशी शोधणारी गॅलॅक्टोमॅनन चाचणी निगेटिव्ह आली, ‘बुरशी नाही’ असं ऐकून आम्ही देवापुढे साखर ठेवली. तरी खबरदारी म्हणून व्होरिकोनाझोल हे बुरशीवरचं औषध चालू केलं होतं. त्या गोळ्या चालू असतानाच डोळा सुजून मिटला.

तुम्ही पुढे फोनवर सांगितलंत तेव्हा उलगडा झाला: ती चाचणी अ‍ॅस्परजिलस ही वेगळी बुरशी शोधते, म्युकर तिच्यात सापडतच नाही, आणि व्होरिकोनाझोलला म्युकर दाद देत नाही. इतकं सरळ आम्हाला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

नाकातून काढलेला काळपट तुकडा संध्याकाळी तुमच्याकडे आला. लॅबची वेळ संपत आली होती. उद्या बघू म्हणाला असतात तरी कुणी बोट दाखवलं नसतं. तुम्ही त्याच वेळी केओएच, म्हणजे पेशी विरघळवून बुरशी उघडी पाडणारं द्रावण, टाकून काच मायक्रोस्कोपखाली धरलीत. बुरशीचे रिबिनीसारखे रुंद धागे, त्यांत आडवे पडदे जवळजवळ नाहीतच, फाटे काटकोनात फुटलेले. कल्चरची, म्हणजे तुकड्यातली बुरशी लॅबमध्ये वाढण्याची, वाट न बघता तुम्ही कान-नाक-घसा विभागाला स्वतः फोन केलात. कल्चरला दिवस लागतात, आणि ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठाच तोडते. औषधही मग त्या भागात पोचत नाही, मेलेला भाग कापूनच काढावा लागतो. अण्णांना त्याच रात्री ऑपरेशनला घेतलं.

कल्चरसाठी तो तुकडा वाटायचा नाही, बारीक चिरायचा, कारण वाटला की धागे तुटतात आणि काही उगवतच नाही, हेही तुमच्याकडूनच कळलं. स्वयंपाकघरात आयुष्य गेलेल्या आमच्या आईला हे फार पटलं!

लायपोसोमल अँफोटेरिसिन हे म्युकरवरचं इंजेक्शन तेव्हा बाजारात मिळत नव्हतं. वाटप सरकारी यंत्रणेकडून, आणि अर्जाला पुरावा हवा. तुमचा सही-शिक्क्याचा रिपोर्ट हातात होता म्हणून आमचा अर्ज अडला नाही. पुढे रोजच्या क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि पोटॅशियमच्या रक्ततपासण्या, मग बुरशीवरच्याच पोसाकोनाझोलच्या गोळ्या, हे सगळं वॉर्डातल्यांनी निभावलं.

शेजारी घरात पाऊल टाकेनात तेव्हा ‘हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही’ हे तुमचं वाक्य मी गल्लीभर सांगत फिरले.

अण्णांचा डोळा वाचला. टाळूचा काही भाग गेला. आता प्लेट लावून जेवतात, भाकरी दुधात कुस्करून. प्लेट नीट बसली नाही की चिडचिड करतात, म्हणजे तब्येत बरी आहे.

पुढच्या महिन्यात प्लेट बदलायला येतोय. अण्णांना तुम्हाला भेटायचं आहे, आणि हो, ती काच बघायची आहे, जपून ठेवली असेल तर.

आपली कृतज्ञ,
अण्णांची थोरली लेक