तेरा हजार वर्षांवर अडकलेला धडा

महोदय,
माझ्या मुलीच्या पुस्तकात अजूनही छापलेले आहे की, अमेरिका खंडात माणूस सुमारे १३ हजार वर्षांपूर्वी, क्लोव्हिस नावाने ओळखली जाणारी दगडी भाल्यांची टोके घेऊन आला. मीही शाळेत हेच घोकले होते. दरम्यान संशोधन कितीतरी पुढे गेले आहे, आणि मुलांपर्यंत ते पोहोचत नाही याचे मनापासून वाईट वाटते.

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील व्हाइट सँड्स येथे एका आटलेल्या तळ्याच्या काठावर माणसांच्या पावलांचे ठसे सापडले. चिखलात रुतलेली टाच, उमटलेली बोटे. बहुतेक पावले मुलांची आणि किशोरवयीनांची. २०२१मध्ये त्यांचे वय २१ ते २३ हजार वर्षे असल्याचे जाहीर झाले. हे वय ठशांच्या थरांतील पाणवनस्पतीच्या बियांमधला कार्बन मोजून काढले होते. अशी वनस्पती पाण्यातला जुना कार्बन शोषते, त्यामुळे वय फुगून दिसू शकते, हा आक्षेप रास्तच होता. मग संशोधकांनी त्याच थरांतून जमिनीवरच्या झाडांचे परागकण वेचले, शिवाय क्वार्ट्झच्या (गारगोटीच्या) कणांवर शेवटचे ऊन कधी पडले, म्हणजे ते कधी गाडले गेले, तेही मोजले. २०२३मध्ये उत्तर तेच आले. वाद अजून पुरता मिटलेला नाही, पण पुरातत्त्व म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगला धडा कुठला? शंका, फेरतपासणी, पुन्हा मोजणी.

पुस्तक मंडळींनी पुढच्या आवृत्तीत निदान एक परिच्छेद तरी या पावलांना द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक पालक